ज्याची तक्रार कोणी ऐकत नाहीं

रस्त्याच्या कडेला उगवणारी रुई आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचा एक सुरवंट असतो. पुढें त्याचेंच नारिंगी फुलपांखरूं होतें. त्याच्या अंगावर मऊ शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात, हें मात्र किती जणांनीं पाहिलें असेल? कीटकाचें प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या आंत त्याच्या मूळ आकाराएवढें उमटविणारें भिंग असतें. त्यानें काढलेलें छायाचित्र पाहिलें म्हणजे, ज्यास आपण नकळत तुडवितों त्याची घडण पाहून मन नम्र होतें.

परंतु ह्या कलेंत एक मोह आहे. इतक्या जवळून पाहतांना भिंगास अगदीं पातळ असा एकच थर स्पष्ट दिसतो. कीटक किंचित् हलला कीं चित्र बिघडलें. तो स्थिर कसा राहावा? पहांटे गारव्यानें त्याचें अंग जड असतां जाऊन वाट पाहणें, हा एक मार्ग. त्यास पकडून फ्रिजमध्यें ठेवणें व निपचित झाल्यावर पुन्हां पानावर बसविणें, हा दुसरा. दोन्ही चित्रें पाहणारास सारखींच दिसतील. मग दोष कोठें आहे?

कोणी म्हणेल, "कपाशीवरील अळ्या आम्ही औषध फवारून मारितों, रुईवरील एका सुरवंटाची एवढी काळजी कशाला?" हा आक्षेप पोकळ नाहीं. पण शेतकरी पोटासाठीं मारितो, आणि मारिलें असें उघड सांगतो. हा मनुष्य ज्याचें कौतुक करावयाचें त्यासच पीडा देतो, आणि बधिर झालेल्या जीवास सुखानें बसलेला म्हणून दाखवितो. येथें निर्दयतेस असत्याची जोड मिळते.

आज खेड्यांतील पुष्कळ तरुणांच्या हातीं कॅमेऱ्याचा फोन आहे. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, सुरवंट तक्रार करणार नाहीं आणि पाहणारास कांहीं कळणार नाहीं. पण जेथें जाब विचारणारा कोणी नसतो, तेथेंच आपल्या सचोटीची परीक्षा होते. आज चित्र साधलें नाहीं, तर रिकाम्या हातानें घरीं यावें. उद्यां पहांटे रुई तेथेंच असेल.