कुरआनातील ईश्वरसान्निध्य

मक्केचे कुरैश अनेक दैवतांची पूजा करीत, एवढ्यावरून त्यांना अल्लाह ठाऊकच नव्हता अशी समजूत पुष्कळांची असते. परंतु आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली असे त्यांना विचारले तर ते अल्लाहचेच नाव घेतील, असे खुद्द कुरआनातच एकाहून अधिक ठिकाणी नमूद आहे. हा जगन्निर्माता त्यांना इतका उत्तुंग आणि दूरस्थ वाटे, की आपल्यासारख्याची हाक त्याच्यापर्यंत थेट पोहोचेल ही गोष्ट त्यांना अशक्य कोटीतली भासे. आणि म्हणूनच आपल्या दैवतांच्या उपासनेचे जे समर्थन ते करीत, आणि जे जुमर सूरेच्या तिसऱ्या आयतीत आले आहे, ते असे होते की या दैवतांनी आपल्याला अल्लाहच्या निकट न्यावे एवढ्याचसाठी आपण त्यांना भजतो. हुजुरांपर्यंत अर्ज पोहोचवायचा तर आधी शिरस्तेदाराची मर्जी संपादावी, मग चिटणिसाच्या घरी खेपा घालाव्यात आणि सरतेशेवटी एखाद्या मानकऱ्याचा वशिला लावावा, हे ज्याने पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे अशा आपल्याकडच्या माणसाला हा युक्तिवाद चटकन उमगावा.

तेव्हा ईश्वराच्या जवळ जावे ही ओढ इस्लामपूर्व अरबस्तानातही होती. कुरआनाने जे नवे सांगितले ते त्या ओढीच्या मार्गाविषयी, आणि तेही एका दमात सांगितले नाही. सुमारे तेवीस वर्षांच्या अवतरणकाळात ही कल्पना निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या अंगांनी पुढे आली, आणि त्यानंतरच्या जवळजवळ चौदा शतकांत तिच्यावर जे चिंतन झाले त्यातून तिला आजचे रूप लाभले. माझ्या स्वतःच्या मनातही ती याच क्रमाने, पण फार सावकाश, उलगडत गेली.

अलक ही सूरा घ्या. तिच्या प्रारंभीच्या पाच आयती सर्वांत आधी अवतरल्या असे बहुतेक परंपरा मानते. उरलेल्या चौदा मागाहूनच्या. सूरेचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने होतो आणि शेवट सजदा करून जवळ येण्याच्या आज्ञेने होतो. या दोन आज्ञांच्या मध्यंतरी मनुष्यस्वभावाचे जे वर्णन आहे ते मला अतिशय मर्मभेदी वाटते: आपल्याला कोणाची गरज उरलेली नाही असे वाटू लागताच मनुष्य मर्यादा ओलांडतो, असे तेथे म्हटले आहे, आणि लगेच पुढे, नमाज पढणाऱ्या एका सेवकाला अडवणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो. ईश्वरापासून मनुष्य दुरावतो तो पापाने दुरावतो असे आपण सहज म्हणून जातो. येथे मात्र त्या पापाच्याही मुळाशी असलेला स्वयंपूर्णतेचा भ्रम दाखवला आहे, आणि कपाळ भुईला टेकवणे हा त्यावरचा उपाय सांगितला आहे. मनुष्य सजद्यात असतो तेव्हा तो आपल्या प्रभूच्या सर्वाधिक जवळ असतो, हे पैगंबरांचे वचन हदीसग्रंथांत आले आहे ते याच अर्थाला पुष्टी देणारे आहे.

काफ सूरेतील सोळावी आयत याहून पुढची पायरी गाठते. मनुष्याचे मन त्याच्याशी जे कुजबुजते ते परमेश्वर जाणतो, आणि मानेतील रक्तवाहिनीहूनही तो मनुष्याला जवळ आहे, असा तिचा आशय. आणि ज्यांनी ही आयत केवळ भक्तिपर व्याख्यानांतून ऐकली आहे, त्यांनी तिच्या लगेच पुढच्या दोन आयती अवश्य पाहाव्यात, कारण त्यांत मनुष्याच्या उजवीकडे आणि डावीकडे बसून त्याच्या प्रत्येक शब्दाची नोंद करणारे दोघे लेखनिक उभे केले आहेत. ही जवळीक म्हणजे प्रथमदर्शनी मायेची ऊब नव्हे. तो एक न चुकणारा दाखला आहे. उत्तरकालीन भाष्यकारांना या आयतीतून ईश्वर मनुष्यदेहात उतरल्याचा भलताच अर्थ निघेल अशी धास्ती वाटली, आणि इब्न कसीर यांच्यासारख्या चौदाव्या शतकातील साक्षेपी पंडिताने येथील जवळीक फरिश्त्यांची आहे असा अर्थ लावला. ती सावधगिरी मी समजू शकतो, परंतु मला ती आयतीच्या आवेगापुढे तोकडी वाटते. हदीद सूरेच्या चौथ्या आयतीत तर परमेश्वर आपल्या सिंहासनावर अधिष्ठित झाल्याचे आणि तुम्ही जेथे असाल तेथे तो तुमच्यासह असल्याचे एकाच वाक्यप्रवाहात सांगितले आहे. त्यामुळे दूरत्व आणि निकटता यांपैकी एकीचीच निवड करण्याची मुभा कुरआन वाचकाला ठेवत नाही, असे माझे मत आहे.

वाकिआ सूरेतील तीन आयती मात्र मला ग्रंथातून कळल्या नाहीत. अब्बांच्या अखेरच्या रात्री घरातली सारी माणसे त्यांच्या खाटेभोवती जमली होती. थोरला भाऊ उशाशी बसून यासीन पढत होता, बहीण ओल्या कापसाने त्यांचे ओठ भिजवीत होती, मी त्यांचे पाऊल हातात धरून होतो, आणि तरीही त्यांच्या घशाशी अडकलेल्या त्या श्वासापर्यंत आमच्यातला कोणीच पोहोचू शकत नव्हता. प्राण कंठाशी येतात आणि तुम्ही नुसते पाहत राहता, अशा वेळी त्या माणसाला तुमच्यापेक्षा आम्ही जवळ असतो, पण तुम्हाला ते दिसत नाही, या आशयाच्या त्या तीन आयती मी पूर्वी कितीदा तरी वाचल्या होत्या. त्या रात्रीनंतर ईश्वराच्या जवळिकीचे माप आपल्याला तिची जाणीव होते की नाही यावर अवलंबून नसते, ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. आणि साधनेत मन लागत नाही म्हणून खंतावणाऱ्या प्रत्येकाला मी आजही प्रथम याच आयतींकडे वळवतो.

या कल्पनेची परिणती मदिनेत अवतरलेल्या बकरा सूरेच्या १८६ व्या आयतीत झाली. कुरआनात लोकांनी पैगंबरांना विचारलेले अनेक प्रश्न आले आहेत: चंद्रकलांविषयी, मद्य आणि जुगाराविषयी, अनाथांविषयी, आत्म्याविषयी. त्या प्रत्येक ठिकाणी, सांग, अशी पैगंबरांना आज्ञा होते आणि मग उत्तर येते. या एका आयतीत मात्र, माझे सेवक माझ्याविषयी तुला विचारतील तेव्हा, एवढे म्हणून होताच उत्तर थेट सुरू होते: मी जवळ आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी ओ देतो. फख्रुद्दीन राझी यांच्यासारख्या भाष्यकारांच्या नजरेतून ही बाब सुटलेली नाही. कुरैशांनी आपल्या आणि ईश्वराच्या मध्ये दैवतांची रांग उभी केली होती. येथे उत्तर देताना संदेष्ट्याचाही आडपडदा राहू दिलेला नाही.

पैगंबरांनंतरच्या शतकांत या आयतींचे जे वाचन झाले त्यात भयाचा आणि प्रेमाचा असे दोन प्रवाह सुरुवातीपासून दिसतात. बसरा शहरी ७२८ साली निवर्तलेले हसन बसरी हिशेबाच्या दिवसाच्या विचाराने व्याकूळ असत. त्याच शहरातील राबिआ यांनी नरकाच्या भीतीने वा स्वर्गाच्या लोभाने केलेली उपासना गौण मानली. बगदादच्या जुनैद यांनी या प्रवाहांना शिस्तीचे बांध घातले. फर्ज कर्तव्यांइतके प्रिय दुसरे कोणतेही साधन सेवकाला ईश्वराजवळ नेत नाही, आणि त्यापुढील ऐच्छिक उपासनेने तो इतका निकट येतो की ईश्वर त्याचा कान, डोळा आणि हात होतो, या अर्थाची जी प्रसिद्ध हदीस आहे तिच्यावर त्यांची सारी भिस्त होती. उन्मादात हरपून जाणे हा त्यांच्या मते मार्गाचा शेवट नव्हे. हरपल्यानंतर पुन्हा शुद्धीवर येऊन व्यवहारात आणि शरीअतीत उभे राहणे ही खरी परीक्षा. उन्मादाची वाट धरलेल्या मन्सूर हल्लाज यांना ९२२ साली बगदादेत देहान्ताची शिक्षा झाली, त्या शोकांतिकेचे तेज मला मान्य आहे. तरीही वाट विचारणाऱ्याला मी जुनैद यांच्याच दाराशी पाठवीन.

या इतिहासात ज्यांच्यापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो ते इमाम गझाली. बगदादच्या निजामिया मदरशातील मानाची गादी, शेकडो शिष्य, असे सर्व काही असताना १०९५ साली त्यांची वाचाच बंद झाली. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की लौकिकासाठी, या प्रश्नाने त्यांना पुरते ग्रासले होते. अखेरीस पद सोडून ते दमास्कस आणि जेरुसलेमकडे निघून गेले, आणि त्या काळात त्यांनी धर्मशास्त्रांच्या पुनरुज्जीवनावरील आपला चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ सिद्ध केला. त्यातील एक संबंध प्रकरण कुरआनपठणाविषयी आहे. त्यात ते म्हणतात की प्रत्येक आयतीचा रोख आपल्यावरच आहे असे वाचकाने मानावे. आणि पठणाच्या ते तीन पायऱ्या सांगतात. पहिलीत वाचक जणू ईश्वरासमोर उभा राहून त्याला ऐकवीत असतो; दुसरीत ईश्वर आपल्याला पाहत असून आपल्याशी बोलत आहे असे तो अनुभवतो; तिसरीत त्याचे लक्ष स्वतःवरून उठते आणि शब्दांत त्याला बोलणाराच दिसू लागतो. डॉ. इक्बाल यांना त्यांच्या वडिलांनी, कुरआन जणू तुझ्यावरच अवतरत आहे असे समजून वाच, असा उपदेश केल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. तिचे मूळ या प्रकरणात शोधावे.

ते प्रकरण वाचताना मला आमच्या दादीची आठवण येई. फजरची नमाज झाली की ती जुजदानातून कुरआन काढून रेहलवर ठेवी आणि प्रत्येक ओळीखालून तर्जनी फिरवीत नाजरा पढे. अरबीचा अर्थ तिला येत नव्हता, आणि शिकवायला कोणी होते असेही नाही. तथापि पढताना तिच्या दारावर कोणी मागणारी आली तर दादी बोट त्या ओळीवरून उचलून खुणेची दोरी तेथे ठेवी, उठून पसाभर तांदूळ घालून येई आणि त्याच ओळीपासून पुढे चालू करी. गझालींच्या तीन पायऱ्यांपैकी ती कोणत्या पायरीवर होती हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मात्र आजारी सेवकाला भेटायला गेला असतास तर मी तुला तेथे सापडलो असतो, असे ईश्वर कयामतच्या दिवशी म्हणेल, ही हदीस ऐकली की तिचे ते उठून जाणे मला पठणाचाच भाग वाटते.

गझालींनंतर या कल्पनेने तत्त्वज्ञानाची उंच शिखरे गाठली. इब्न अरबी (११६५ ते १२४०) यांच्या चिंतनात अस्तित्व एकच ठरले आणि जवळ-दूर हा भेदच विरघळू लागला. सरहिंदच्या शेख अहमद यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी साधकाचा हा एकत्वाचा अनुभव खरा, परंतु निर्माता आणि निर्मिती ही भिन्नच, असे बजावले. या वादाचा तपशील येथे नको. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते माहीमचे मखदूम फकीह अली (१३७२ ते १४३१), कारण इब्न अरबींच्या परंपरेतील या कोकणस्थ पंडिताने आपल्याच किनाऱ्यावर बसून अरबीत संपूर्ण कुरआनावर भाष्य लिहिले. त्यांच्या दर्ग्यावर नवसाला जाणाऱ्या हजारोंपैकी फारच थोड्यांना ही तफसीर ठाऊक असते, याचा मला मनापासून विषाद वाटतो. एक आयत तिच्या शेजारच्या आयतीशी कोणत्या धाग्याने जोडली आहे याचा शोध हे त्या भाष्याचे वैशिष्ट्य आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ मराठीत रचला आणि पुढे आपल्या काळात विनोबांनी अरबी शिकून आयतींची विषयवार निवड केली, तेव्हा या मातीत कुरआनाचे मनन नवे नाही.

मखदूमांची ती शेजार पाहण्याची दृष्टी लाभल्यावर मी १८६ वी आयत एकटी वाचणे सोडून दिले. तिच्या आधी रोज्याचे नियम आहेत: आजाऱ्याने आणि प्रवाशाने ते दिवस मागाहून भरून काढावेत, अल्लाहला तुमची सोय हवी आहे, जाच नको. तिच्यानंतर पुन्हा नियमच आहेत: पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्याहून वेगळा दिसेतो खावे-प्यावे. आणि १८८ वी आयत काय म्हणते? एकमेकांचे द्रव्य अन्यायाने गिळू नका, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा हिस्सा लाटण्यासाठी ते द्रव्य हाकिमांपर्यंत पोहोचवू नका. मी जवळ आहे, या आश्वासनापासून अवघ्या दोन आयतींवर लाचेची मनाई आहे. ज्याला ईश्वराचे सान्निध्य हवे आहे त्याने आपली शिदोरी हलाल आहे की नाही हे आधी पाहावे, आणि खोट्या दाव्यावर मिळवलेल्या जमिनीच्या पैशातून केलेल्या इफ्तारीला त्या जवळिकीत वाटा नाही, हा अर्थ या शेजारातून इतका स्पष्ट निघतो की त्याला भाष्याची गरजच पडू नये.

रमजानात तरावीहच्या नमाजेत ही सहा आयतींची मालिका पहिल्या दोन-चार रात्रींतच कानांवरून वेगाने निघून जाते. ज्यांना नाजरा पढता येते पण अर्थ येत नाही अशा माझ्या मराठी बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की त्यांनी १८३ ते १८८ या आयती एकदा मराठीत, सलग, मध्ये न थांबता वाचाव्यात, आणि शेवटची आयत घरातल्या कमावत्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावी.