प्रतिनिधित्व : कोणाच्या वतीने, कोणासमोर?

प्रतिनिधित्व म्हणजे अनुपस्थितांच्या वतीने बोलणे, ही व्याख्या समीक्षेत आणि राज्यशास्त्रात सारखीच रूढ आहे. ते बोलणे कोणासमोर, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही. साम्यवादोत्तर संसदांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. पोलंडमध्ये जून 1989 च्या निवडणुकीपूर्वी सत्ताधारी व ‘सॉलिडॅरिटी’ गोलमेज परिषदेत समोरासमोर बसले होते. रशियात मात्र निवडून आलेल्या संसदेवरच ऑक्टोबर 1993 मध्ये रणगाड्यांतून तोफा डागल्या गेल्या. शत्रूला प्रतिपक्ष मानण्याची वृत्ती केवळ मतदानातून निर्माण होत नाही.

भिवंडीत 1970 व 1984 च्या दंगलींच्या वेळी मताधिकार होताच. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मोहल्ला समित्यांत दोन्ही समाजांतील माणसे नियमितपणे एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या शांततेचे श्रेय समित्यांना दिले जाते व ते अनाठायी नाही. तथापि त्यांचे सदस्य जनतेने निवडलेले नव्हते. जनतेने त्यांना जाब कोणत्या अधिकाराने विचारावा? ऐकण्याची सवय नसेल तर संसद ही मतांची मोजदाद ठरते. उत्तरदायित्व नसेल तर संवाद प्रशासनाच्या मर्जीवर टिकतो. लोकशाहीला यांपैकी एकावर भागवता येत नाही.