पुन्हा बसवण्यासाठी उतरवलेलं इंजिन

रायगडच्या जुन्या पिकअपच्या नंबरप्लेटवर एमएच ०६ असतं, आणि हा क्रमांक देणारं परिवहन कार्यालय पेणला आहे. त्या कार्यालयाच्या लेखी गाडीला आणखी दोन ओळखी असतात, चासी नंबर आणि इंजिन नंबर. चासी गेली की गाडी गेली. इंजिन मात्र बदलता येतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं तशी मंजुरी घ्यायची आणि नव्या इंजिनाची नोंद करून घ्यायची. पण तेच इंजिन खाली उतरवून, आतून नवं करून, पुन्हा त्याच गाडीत बसवलं तर त्याची कुठेच नोंद होत नाही. नंबर तोच राहतो, कागद तोच राहतो. दोन माणसांनी कित्येक दिवस केलेलं काम सरकारदरबारी घडलेलंच नसतं.

हे काम पेण, वडखळ, नागोठणे आणि तिथून आत वळून रोह्यापर्यंतच्या गॅरेजांत रोज चालतं. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या गणपतीच्या मूर्ती, पेणचे पोहे-पापड, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली पिंपं, घरांसाठी वाळू-विटा, हे सगळं पिकअपमधूनच जातं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं रेंगाळलं. त्या काळात इथल्या गाड्यांनी किती अंतर दुसऱ्या गिअरमध्ये आणि अर्ध्या क्लचवर कापलं असेल! खड्ड्यांनी इंजिनखालची रबरं फाटतात, क्लच प्लेट जळते, गिअरबॉक्सच्या बेअरिंगला आवाज येतो. मग एक दिवस गाडी चढावर ओढेनाशी होते, निळा धूर टाकते, ऑइल पिऊ लागते, आणि मिस्त्री म्हणतो, "इंजिन कामाला आलंय."

इंजिन उतरवणं म्हणजे ताकदीचं काम, असं बघणाऱ्याला वाटतं. ताकद लागतेच, जुन्या डिझेल पिकअपचं बिडाचं इंजिन दोन क्विंटलच्या आसपास भरतं. पण खरं काम क्रमाचं आहे. आधी बॅटरीची अर्थची वायर. मग बोनेट, मग पाणी सोडून रेडिएटर. डिझेलचे पाइप सोडले की त्यांची तोंडं चिंधीने बंद, नाहीतर आत कचरा जातो आणि पंप खराब होतो. सेल्फच्या वायरी, अॅक्सिलेटरची केबल, सायलेन्सरचा पाइप. गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एक खूण, म्हणजे बसवताना शाफ्ट त्याच जागी बसेल आणि गाडी थरथरणार नाही. गिअर लिव्हर वरून काढायचा, गिअरबॉक्सला जॅकचा आधार द्यायचा, बेल हाउसिंगचे बोल्ट सोडायचे आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. सरळच. त्याचं वजन क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर लटकलं तरी क्लच प्लेट वाकते. त्यानंतर कुठे चेनपुली लागते आणि इंजिन इंच इंच वर येतं.

आपल्या किनारपट्टीत यात एक भर आहे, गंजाची. खाडीकाठच्या खारेपाटाची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस बोल्टला सुखाने सुटू देत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यावर डिझेल सोडून ठेवायचं, सकाळी हलक्या हाताने ठोकायचं. तरीही डोकं तुटलंच तर उरलेल्या खुंटावर एक नट वेल्डिंगने चिकटवायचा. वेल्डिंगच्या तापाने गंजाची पकड सुटते आणि त्याच नटाला पाना लावून तो खुंट बाहेर काढता येतो. ही युक्ती पाहिली तेव्हा मी अवाक झालो होतो. जोडणारी क्रिया सोडवण्यासाठी वापरायची, हे सुचायला धातू कळावा लागतो.

मला या कामात सर्वात मोलाची वाटते ती एक गोष्ट: उतरवणाऱ्याच्या डोक्यात बसवणं आधीपासून चालू असतं. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड. कोणता डबा इंजिनाचा, कोणता गिअरबॉक्सचा. क्लच प्लेट मध्यावर बसवायला कपाटात ठेवलेला जुना इनपुट शाफ्ट. शेवटी डिझेलच्या लाइनमधली हवा हातपंपाने काढून टाकायची आठवण. भंगारवालाही हेच इंजिन काढतो आणि त्याला फार कमी वेळ लागतो, कारण तो गॅस कटर लावतो. दोघांच्याही हाताखाली चासी रिकामी होते. पण एकाने सांधे कापलेले असतात आणि दुसऱ्याने ते ओळखलेले असतात. ज्ञान त्या ओळखण्यात आहे. आपल्या समाजाने निर्मितीला मान दिला, मोडण्याला बाजार दिला; उघडून, समजून, पुन्हा जोडण्याला मात्र 'हाताचं काम' म्हणून बाजूला ठेवलं.

हाताचं काम असं बाजूला न ठेवणारे विनोबा भावे याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५चा. शरीरश्रम आणि विचार वेगळे काढले की दोन्ही बिघडतात, हे त्यांनी सूत कातून, विणून, कुदळ चालवून दाखवलं. १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचा पायाही तोच होता: मुलाने हस्तोद्योगातून गणित, विज्ञान, समाज शिकावा. पुढे आपण तो विचार शाळेत कार्यानुभवाच्या एका तासात गुंडाळला. आज तो जिवंत सापडतो तो गॅरेजात. तिथे पोरगा घर्षण शिकतो, तरफ शिकतो, तापल्यावर धातू वाढतो हे शिकतो. पण तिथलं दुःखही झाकून चालणार नाही. सुरक्षा बुटांशिवाय, टांगलेल्या इंजिनाखाली, तुटपुंज्या मजुरीवर तो शिकतो. दहा वर्षांनी त्याच्याकडे हात असतो, प्रमाणपत्र नसतं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे आणि तो चांगला आहे. पण आयटीआयची मुलं आणि गॅरेजचे मिस्त्री एकमेकांच्या दारात जात नाहीत.

आता या हातांसमोर एक नवं कुलूप आलं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. धूर कमी व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुनं इंजिन कितीही नीट बांधलं तरी ते बीएस-६ होत नाही, हेही खरं आहे. अडचण वेगळी आहे. नव्या गाडीत बिघाड कुठे आहे ते आधी स्कॅनर सांगतो, आणि काही सुटे भाग बसवल्यावर संगणकाने ओळखल्याशिवाय चालत नाहीत. ती माहिती ज्याच्याकडे, दुरुस्ती त्याच्याकडे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्ये कायदा करून मोटार कंपन्यांना हे सांगितलं की अधिकृत विक्रेत्याला जी दुरुस्तीची माहिती देता ती स्वतंत्र गॅरेजलाही द्या. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनांचाही त्यात समावेश केला. दिशा योग्य आहे. पण रोह्यातल्या मिस्त्रीच्या हातात मराठीतलं दुरुस्ती-पुस्तक अजून आलेलं नाही.

दुसरीकडे मोडण्याची व्यवस्था मात्र झपाट्याने उभी राहिली. वाहन भंगार धोरण ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालं. अधिकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात माफी मिळते. कुजलेल्या चासीच्या गाड्या रस्त्यावरून गेल्याच पाहिजेत, ब्रेक नसलेली गाडी कुणाचाही जीव घेईल. पण ज्याची चासी धड आहे आणि ज्याने इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलं आहे, त्याला त्या कामाचा कोणता कागद मिळतो? कोणताच नाही. गाडी जुनी झाली की योग्यता तपासणीचं शुल्क मात्र कित्येक पटींनी वाढतं. पेण तालुक्यातच डोलवीला लोखंड तयार होतं, तिथल्या धुराड्यांकडे बघितलं की नव्या लोखंडाची किंमत फक्त रुपयांत मोजता येत नाही हे कळतं. जगाच्या सरासरीने एक टन पोलादामागे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. धड असलेली चासी, केबिन आणि हौदा आणखी काही वर्षं चालवला तर तेवढं पोलाद पुन्हा ओतावं लागत नाही. धुराचा हिशेब मांडताना हाही आकडा त्याच पानावर यायला हवा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इंजिनाचं पूर्ण काम झाल्यावर धुराची आणि योग्यतेची तपासणी व्हावी, आणि त्यात जी गाडी उतरेल तिच्या नोंदणीत या कामाची एक ओळ यावी. जुन्या मिस्त्रींच्या हाताची परीक्षा आयटीआयने घ्यावी आणि त्यांना प्रमाणपत्र द्यावं. त्यांच्यातल्या चांगल्यांना तिथे शिकवायला बोलवावं, मग शाळेचा दाखला असो वा नसो. कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तकं आणि स्कॅनरची माहिती रास्त दरात, मराठीत, सर्वांना खुली करावी. आणि तुमच्या गाडीचं इंजिन कधी खाली उतरलं, तर तासभर तिथे थांबा, बघा, विचारा, आणि मिस्त्रीची मजुरी घासाघीस न करता द्या.