दहा मिनिटांचा हिशेब



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर एक तरुण आई आम्हाला चर्चच्या आवारात भेटली. पापनिवेदनासाठी नव्हे, साध्या बोलण्यासाठी. मुलगी बाजूला घसरगुंडीवर खेळत होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "फादर, मी रोज दहा मिनिटं चोरते. हे पाप आहे का?"

तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

ती एका खाजगी कार्यालयात अर्धवेळ काम करते. सकाळी नऊ ते दुपारी एक. मुलीची शाळाही नऊ ते एक. सकाळी शेजारीण आपल्या मुलासोबत हिच्या मुलीलाही शाळेत सोडते. मात्र शेजारणीचा मुलगा मोठ्या वर्गात, त्याची शाळा उशिरा सुटते; म्हणून दुपारची पाळी हिची. नवरा चर्चगेटला कामाला, पहाटे घर सोडतो आणि रात्री साडेआठला येतो. सासूबाईंचे गुडघे गेलेले. शाळेची रिक्षा लावावी तर अर्धवेळ पगाराचा मोठा लचका तुटतो. कार्यालयापासून शाळेपर्यंत स्कूटीवर दहा मिनिटे. तेव्हा ती बारा पन्नासला उठते, पर्स उचलते आणि म्हणते, "जरा टपाल टाकून येते, तशीच पुढे जाते." टपाल कधी असते, कधी नसते.

शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे शाळांना सांगितले. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण त्यामुळे पुष्कळ घरांत शाळेची वेळ आणि कामाची वेळ एकीवर एक येऊन बसली, हेही खरे.

आता प्रश्न. ही चोरी आहे का?

"छे गं, दहा मिनिटांचं काय एवढं!" असे म्हणून तिची पाठवणी करणे सोपे होते. आम्ही तसे केले नाही, कारण ती दिलासा मागायला आली नव्हती. तिला उत्तर हवे होते. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर दहा मिनिटांचे चार तास होतात, म्हणजे तिचा कामाचा एक अख्खा दिवस. हा हिशेब तिने आधीच मांडला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या करताना ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा असे सांगितले आहे, आणि देवघेवीचा न्याय व वाटपाचा न्याय असा भेदही केला आहे. देवघेवीच्या न्यायात माणसाची परिस्थिती पाहत नाहीत, वस्तूची बरोबरी पाहतात. चार तास विकले, चार तासांचे पैसे घेतले, तर चार तास द्यावे लागतात. इथवर उत्तर कडू आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

पण तिचे बोलणे संपले नव्हते. "फादर, घरी आल्यावर दुपारी फोन येतोच. ही फाईल कुठे, ते बिल कुठे. महिनाअखेरीला तर मी हिशेब घरी आणून रात्री पुरा करते. त्याचे पैसे मी कधी मागितले नाहीत. मग माझी दहा मिनिटं त्यात वळती होत नाहीत का?"

सेमिनरीत शिकलेला एक जुना वाद आम्हाला आठवला. १६४७ साली पॅरिसमधल्या येशूसंघीयांच्या क्लेरमाँ महाविद्यालयात जाँ दाल्बा नावाचा एक नोकर होता. आपल्याला पुरेसा पगार मिळत नाही असे वाटल्यावरून त्याने तिथली कथलाची काही भांडी लांबवली. पकडल्यावर तो न्यायालयात म्हणाला की, तुमच्याच एका धर्मपंडिताने लिहून ठेवले आहे की पगार कमी असेल तर नोकराने तेवढे भरून घ्यावे! पुढे १६५६ मध्ये पास्कालने आपल्या पत्रांमध्ये ही गोष्ट सांगून त्या पंडितांची चांगलीच फजिती केली. अखेर १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी जी पासष्ट ढिली मते धिक्कारली, त्यांत हेही एक होते: आपले काम पगारापेक्षा अधिक मोलाचे आहे असे ठरवून घरच्या नोकराने मालकाचे गुपचूप उचलावे, हे मत.

वरवर पाहिले तर ख्रिस्तसभेने मालकाची बाजू घेतली असे वाटते. आम्हीही विद्यार्थी असताना तसेच समजत होतो, आणि त्यावरून प्राध्यापकांशी हुज्जतही घातली होती. पण मत नीट वाचले तर नोकराचा पगार योग्य होता असे त्या धिक्कारात कुठेच म्हटलेले नाही. आक्षेप आहे तो नोकराने एकट्याने, अंधारात, स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश होण्याला. आपल्याच खटल्यात निवाडा देताना कोणाचाही तराजू थोडा कलतोच. नंतरच्या नीतिशास्त्रज्ञांनी गुप्त भरपाईला अगदीच मज्जाव केला नाही, पण अटी कडक घातल्या. येणे निःसंशय असले पाहिजे, ते वसूल करण्याचा दुसरा मार्ग नसला पाहिजे, आणि तिसऱ्या कोणाचे नुकसान होता कामा नये.

या अटी तिच्या दहा मिनिटांना लावून पाहू. येणे निःसंशय आहे का? फोनची आणि रात्रीच्या हिशेबाची नोंद कुणी ठेवलेली नाही. कदाचित मालक तिचे अधिक देणे लागत असेल, कदाचित ती मालकाचे. तिसऱ्याचे नुकसान? आम्ही विचारले, बारा पन्नासनंतर तुझ्या टेबलावरचा फोन कोण उचलतं? ती गप्प झाली. तिथे एक वयाने लहान, अविवाहित मुलगी आहे. तिला कोणाला शाळेतून आणायचे नसते, म्हणून उरलेले सारे तिच्यावर येते. तिच्या घरी आजारी वडील आहेत, पण ते कुणी विचारत नाही. फाटकावर उभे असलेले मूल सगळ्यांना दिसते. घरात पडलेला बाप दिसत नाही.

उरली मधली अट: दुसरा मार्ग नाही का? मार्ग आहे, मालकाला सरळ विचारणे. साडेआठला येऊ का, पावणेएकला जाऊ का, घरी केलेले काम धरता का, असे. मग तिने विचारले का नाही? "विचारलं आणि म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या, तर?" तिच्याकडे नेमणुकीचा कागदही नाही. तोंडी सांगितले, तोंडी लागली, तोंडीच जाईल.

खरी अडचण इथे आहे असे आम्हाला वाटते. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. फार चांगली गोष्ट. पण चार-पाच माणसांच्या कार्यालयाला पाळणाघराची ही सक्ती लागू नाही. आणि कायद्याला बाळ दिसते, शाळकरी मूल दिसत नाही. बाळंतपणाची रजा महिन्यांत मोजतात. शाळेच्या फाटकावरची पाळी वर्षानुवर्षे चालते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात कामाची मांडणीच अशी असावी की माणसाच्या गरजा, विशेषतः घरच्या जीवनाच्या गरजा, तिच्यात सांभाळल्या जाव्यात, अशी अपेक्षा धरली. म्हणजे बारा पन्नासला उठणे ही मेहेरबानी नव्हे. तो कामाच्या मांडणीचाच भाग असू शकतो. पण तो उघड ठरला पाहिजे. (आणि मांडणीचा विषय निघालाच आहे, तर चर्चगेटच्या त्या नवऱ्याला कधी कोणी विचारले का, महिन्यातून दोन दिवस तरी तू येशील का? तिनेही विचारलेले नाही. "त्यांना कुठे जमणार!")

तिला आम्ही सांगितले: दहा मिनिटांपेक्षा आम्हाला ते नसलेले टपाल जास्त सलते. दहा मिनिटे भरून देता येतात. पण रोज एक लहान खोटे बोलून मुलीकडे धावणारी आई दिवसभर चोरासारखी वावरते, आणि चोरासारखा वावरणारा माणूस आपल्या हक्काचेही मागू शकत नाही.

एवढे शहाणपण सांगून आम्ही बंगल्यावर आलो आणि सोमवारी आमचे डोळे उघडले. आपल्या धर्मग्राम कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या ताई अर्धवेळच आहेत. अर्थ समितीची बैठक आम्ही कित्येक महिने साडेअकराला ठेवत आलो, कारण ती वेळ आम्हाला सोयीची. ताई सव्वाबाराला चुळबुळ करू लागतात, घड्याळ पाहतात, मग "येते हं फादर" म्हणून निघतात. त्यांना कामात रस नाही असा आमचा ग्रह झाला होता. एकदा समितीपुढे तसे बोलूनही दाखवले होते. त्यांचा मुलगा दुसरीत आहे हे आम्हाला ठाऊक होते. त्याची शाळा किती वाजता सुटते हे ठाऊक नव्हते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आम्ही इतक्यांदा प्रवचन केले आहे! शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी, त्यावरून पहिल्यांची कुरकुर, हे सगळे. पण मजुरीच्या आधीची एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. तो धनी पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि उभ्या माणसांना विचारतो की तुम्ही इथे असे का उभे आहात. आधी तोंड त्याने उघडले आहे, त्यांनी नव्हे. ज्याच्या हाती मळा आहे त्याला विचारणे सोपे असते.

बैठक आता दहाला होते. ताईंना आम्ही कारण सांगितले, समितीपुढे बोललो त्याबद्दल क्षमाही मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "फादर, शाळा साडेबाराला सुटते. मी दीड वर्ष धावतेय."

ती तरुण आई परवा पुन्हा भेटली. टपालाचे सांगणे बंद केले आहे म्हणाली. आता सरळ "मुलीला आणायला जाते" असे सांगून उठते. मालक अजून काही बोललेले नाहीत. वेळ बदलून मागायची हिंमत अजून झालेली नाही, पगारवाढीच्या महिन्यानंतर बघते म्हणाली. त्या धाकट्या मुलीचा फोन मात्र आठवड्यातून दोनदा ती सकाळी उचलते, म्हणजे त्या पोरीला वडिलांना इंजेक्शन देऊन यायला अर्धा तास मिळतो.