मुलांचे मनोराज्य आणि गावाची गरज

वाचावयाचा भाग : योहान, अध्याय ६, ओव्या १ ते १३



गालील समुद्रापलीकडील डोंगरावर पाच हजार पुरुष बसले होते, आणि दिवस कलला होता. भाकरी कोठून आणावयाच्या असे प्रभूने फिलिप्पास विचारले. फिलिप्प व्यवहारी होता. त्याने मनात रुपयांचा हिशेब केला, आणि तो हिशेब पुरेना. अंद्रियाची दृष्टी मात्र एका मुलाकडे गेली. त्या मुलापाशी जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. जव हे त्या देशात गरिबांचे धान्य. आमच्या घरी जशी रोजची भाकरी ज्वारीबाजरीची, आणि गहू सणावारास, तसेच ते. अंद्रियाने मुलास प्रभूकडे आणिले खरे, परंतु त्याच श्वासात शंकाही काढिली की इतक्या लोकांस एवढ्याने काय होणार.

चारही शुभवर्तमानकारांनी हा चमत्कार लिहिला आहे. तो मुलगा मात्र एकट्या योहानाने नोंदिला. त्याचे नाव शास्त्रात नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. तथापि मोठ्यांचा हिशेब जेथे थांबला तेथे प्रभूने ह्या मुलाच्या शिदोरीपासून आरंभ केला. आज आम्ही आपल्या मंडळ्यांतील अशाच मुलांविषयी बोलू इच्छितो.

शब्बाथ शाळेत मुलांस एक प्रश्न विचारून पाहावा : "आपल्या गावास उपयोगी पडेल असा कोणता उद्योग तू काढशील?" उत्तरांस उशीर लागणार नाही. जिची आई डोक्यावर दळण घेऊन दुसऱ्या गावी जाते ती मुलगी पिठाची गिरणी म्हणेल. ज्याच्या आजीस रात्री तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यास गाडी मिळाली नाही तो मुलगा आजाऱ्यांसाठी रिक्षा म्हणेल. कोणी हातपंप दुरुस्त करण्याचे दुकान म्हणेल, कोणी रोपवाटिका, कोणी शाळेचे गणवेश शिवणे, कोणी सायकलीचे पंक्चर काढणे. आणि हे ऐकून ओसरीवर बसलेले वडील मंडळी हसतील, व म्हणतील, "पोरांचे मनोराज्य! शेखचिल्लीची जात."

बंधूंनो, हे हसणे बरे नव्हे. शेखचिल्लीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. डोक्यावर मडके घेऊन तो चालला असता मनात श्रीमंत झाला, मनातच त्याने लग्न केले, आणि मान हलविताच मडके फुटले. त्याच्या त्या साऱ्या राज्यात माणूस एकच होता, तो स्वतः. आता मुलांची उत्तरे तपासून पाहा. गिरणीत आई आहे. रिक्षात आजी आहे. हातपंपापाशी सारी आळी आहे. ज्या मनोराज्यात शेजारी आहे त्याला शेखचिल्लीचे नाव देऊ नये. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मुलाच्या मनात कामाचे रूप घेऊ लागली, असेच आम्ही त्यास म्हणतो.

पहिली गोष्ट ही की, हा प्रश्न विचारता येणे हीच आपल्या घराण्यांस मिळालेली मोठी मोकळीक आहे. जुन्या गावगाड्यात मुलास असे कोणी विचारीत नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, हे जन्माबरोबर ठरलेले असे. आणि ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती, त्यांच्या मुलांस तर सांगावे पोचविणे, सीमेची राखण करणे, मेलेली गुरे ओढणे, आणि त्याबद्दल दारोदार भाकर मागणे, एवढेच नेमून दिलेले होते. ह्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडिले, आणि १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. आपल्यापैकी किती जणांचे आजे-पणजे ह्या जोखडाखाली वाकले! त्यांच्या मनातही काही उद्योग आला असेल. पण तो ऐकावयास कोण बसले होते? म्हणून आज नातू म्हणतो, "मी अमुक करीन," तेव्हा त्याच्या मुखाने पणज्याचीही जीभ सुटली असे समजावे. त्यास हसून गप्प करणे म्हणजे कायद्याने काढून टाकिलेले जोखड आपल्याच हाताने त्याच्या मानेवर परत ठेवणे होय.

दुसरी गोष्ट ही की, देवाने हाताचे कौशल्य कधी हलके मानिले नाही. निवासमंडपाच्या कामासाठी त्याने बसालेलास आपल्या आत्म्याने भरिले, ते सोने, लाकूड व दगड यांचे काम करण्यासाठी. पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवीत असे. यापो येथील दुर्कस मेली तेव्हा विधवांनी तिने शिवलेले कपडे पेत्रास रडत दाखविले. तिची साक्ष तिच्या सुईने दिली. आणि स्वतः प्रभु नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता.

ह्याच विश्वासाने आमच्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी काम केले. १८९६ व १९०० सालांच्या दुष्काळांत अन्नास मुकलेल्या मुली व बायका त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदनात आणिल्या. त्यांस केवळ अन्न घालून त्या थांबल्या नाहीत. तेथे विणकाम होते, शिवण होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरे होती, आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेल्या शास्त्राच्या मराठी भाषांतराचे खिळे ह्याच छापखान्यात बायका व मुलींनी जुळविले. जिला गावाने अपशकुनी म्हणून लोटिले तिच्या बोटांनी देवाचे वचन ओळीने मांडिले. तिच्या लहानपणी कोणी भविष्य वर्तविले असते, तर तेही मनोराज्यच ठरले असते.

आपल्या काळातील दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातील पाबळ गावाचे आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून तेथे विज्ञान आश्रम उभारिला. त्यांचा विचार साधा होता : शाळेत जो मुलगा मागे पडतो तो मूर्ख असतो असे नाही, त्याची बुद्धी हातांतून चालते. तेथे मुले लोखंडकाम व बांधकाम शिकतात, वीज व ऊर्जा यांचे काम शिकतात, शेती व पशुपालन शिकतात, आणि घर व आरोग्य यांची कामे शिकतात. शिकताना जे करावयाचे ते गावाच्या खऱ्या गरजेचे असावे, आणि त्याचा खर्च मुलांनी मांडावा, अशी तेथील रीत आहे. हीच पद्धत पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले आहे. ज्या कारागिरांस गावाने पायरीखाली बसविले, त्यांच्यापाशी आता मुलांस शिकावयास पाठविण्याची गोष्ट निघाली आहे.

हे सर्व आम्ही कशासाठी सांगतो? आपल्या कित्येक गावांची स्थिती डोळ्यांपुढे आणा. मराठवाड्यातील व नगरकडील अनेक वस्त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाड्या निघतात. आईबापांबरोबर मुलेही जातात, शाळा सुटते, मंडळीच्या बाकांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. ज्या मुलाच्या मनात आपल्या गावाविषयी एकही उद्योग कधी आला नाही, त्यास गाव सोडण्यावाचून दुसरा मार्ग सुचणार तरी कसा? एका मुलाच्या कल्पनेने ऊसतोड थांबेल असे आम्ही म्हणत नाही. पण गावास काय हवे हे जो लहानपणी पाहू लागला, तो मोठेपणी गावात राहण्याची वाट शोधू शकेल.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. ही शिकवण उलटी घेऊ नये. मुलाने उद्योगाची कल्पना करावी म्हणजे त्यास कामास जुंपावे असे नव्हे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली अधिक कडक झाला, आणि चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात नोकरीस ठेवणे गुन्हा ठरला. शाळा सुटल्यावर घरच्या साध्या कामास हातभार लावण्याची मोकळीक आहे. प्रभूने त्या मुलाच्या भाकरी घेतल्या, पण त्यास उपाशी ठेविले नाही. तोही त्या पाच हजारांबरोबर जेवला असेल. मुलाची शाळा बुडवून जो उद्योग चालेल तो देवाचा नव्हे.

तसेच नफा हे पाप नव्हे, पण लबाडी हे पाप आहे, हे मुलांस आरंभीच शिकवावे. नीतिसूत्रकाराने खोट्या तराजूचा मोठा धिक्कार केला आहे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ गरीब माणसांनी, ज्यांत कित्येक विणकर होते, प्रत्येकी एक पौंड जमवून लहानसे दुकान काढिले. त्या दिवसांत व्यापारी पिठात भेसळ करीत आणि वजनात मारीत. ह्यांनी पीठ, लोणी, साखर व मेणबत्त्या असा थोडाच माल ठेविला. पण माल शुद्ध, वजन पुरे, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात वाटून दिलेला. सहकाराची जी चळवळ आज देशोदेशी पसरली आहे तिच्या मुळाशी हे दुकान आहे. भांडवल थोडे होते. तराजू मात्र खरा होता.

आता उपदेशक व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांस आमची विनंती आहे. चार रविवार ह्या कामास द्यावेत. पहिल्या रविवारी मुलांनी वस्तीत फिरून यावे, व विशेषतः विधवा, आजारी व म्हातारे यांस विचारावे की कशावाचून अडते. दुसऱ्या रविवारी लूकाच्या १४ व्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला वाचून खर्च मांडावा. तिसऱ्या रविवारी, लोहार, गवंडी, गिरणीवाला किंवा शिंपीण यांपैकी जे कोणी गावात असेल त्यांस आदराने बोलावून मुलांनी प्रश्न विचारावेत. चौथ्या रविवारी मुलांनी आपला विचार पंचांपुढे उभे राहून सांगावा, मुलींनीही सांगावा. पंचांनी हसू नये, आणि एक लहानसे काम निवडून त्यास हात द्यावा.

लहानसे म्हणजे किती? रोपवाटिकेचेच घ्या. समजा, पावसाळ्यापूर्वी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाशी भोके पाडून, माती व शेणखत भरून दोनशे शेवग्याच्या बिया लाविल्या, आणि त्यांतील दीडशे रोपे जगली. बी, खत व वाहतूक मिळून सहाशे रुपये लागले. तीस रोपे ज्यांस पैसे देता येत नाहीत अशा घरी फुकट दिली, आणि एकशेवीस रोपे दहा रुपयांप्रमाणे विकली, तर बाराशे रुपये आले, सहाशे उरले. त्यांतून देवाचा भाग वेगळा काढावा, व बाकी पुढच्या वर्षाच्या बियाण्यास ठेवावी. सगळा हिशेब मुलांच्याच अक्षरात लिहून मंडळीच्या दाराशी लावावा. जी पन्नास रोपे मेली त्यांचाही हिशेब लिहावा. कारण तोटा लपविणे हे लबाडीचे पहिले पाऊल आहे. मडके फुटले तर फुटले असे सांगावे, आणि नवे मडके घ्यावे.

प्रिय आईबापांनो, एक शब्द तुम्हांस. मूल रात्री अंथरुणावर पडून म्हणेल, "बा, मी गिरणी काढीन." तुम्ही दिवसभर राबून थकलेले असाल. तरीही त्या वेळी, "झोप आता, आपल्याला कुठली गिरणी," असे म्हणू नका. एवढेच विचारा : "कुणासाठी काढशील, बाळा?" त्याच्या उत्तरात शेजारी असला तर देवाची स्तुती करा. नसला तर शेजारी दाखवून द्या.

त्या डोंगरावर अंद्रियाला उत्तर माहीत नव्हते. त्याने इतकेच केले की मुलास गर्दीत हरवू दिले नाही. त्यास प्रभूपर्यंत आणून पोचविले. बारा टोपल्या भरल्या त्या पुढे. आपल्याकडून देव बारा टोपल्या मागत नाही. आपल्या गर्दीत जो मुलगा किंवा जी मुलगी आपली शिदोरी हातात घेऊन उभी आहे, तिला पुढे आणावे, एवढेच तो मागतो. ती शिदोरी मोडण्याचे व वाढविण्याचे काम त्याचे आहे. तो आपल्या मुलांच्या मनांस व हातांस आशीर्वाद देवो, आणि आपणांस ती ऐकण्याचे कान देवो. आमेन.