‘बाहेरचं’ आणि आतलं : समुपदेशनात श्रद्धेचा प्रश्न

महाराष्ट्रात समुपदेशकाकडे आलेले कुटुंब मनातला खरा प्रश्न बऱ्याचदा सगळ्यात शेवटी विचारते. झोप लागत नाही, जीव घाबरतो, डोके भणभणते, कशात मन लागत नाही, हे सगळे सांगून झालेले असते. निघायची वेळ होते आणि दाराशी थांबून आई किंवा सासू हळूच विचारते, ‘‘बाहेरचं तर काही नसेल ना?’’ ‘बाहेरचं’ म्हणजे लागीर, करणी, कुणाची नजर, घरातल्या एखाद्या मृताची राहून गेलेली इच्छा. प्रश्न शेवटी येतो, कारण उत्तर काय मिळेल याचा घरच्यांना अंदाज असतो: एक तर हसू, नाहीतर छोटेसे व्याख्यान. ज्या श्रद्धा समुपदेशकाच्या स्वतःच्या नाहीत त्यांच्याशी त्याने कसे वागावे, हा निरनिराळ्या समाजांतून येणाऱ्या माणसांच्या समुपदेशनातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. वरवर तो कौशल्याचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी सत्य आणि आदर यांचा झगडा आहे. जे आपल्याला खरे वाटत नाही त्याचा मान राखता येतो का? आणि मान राखायचा म्हणजे होकार द्यायचा का?

या विषयाला अमेरिकेत शिस्तशीर रूप आले ते १९८०च्या आसपास. डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये समुपदेशकाकडून तीन अपेक्षा मांडल्या: स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, समोरच्याच्या जगाची माहिती आणि त्या जगाला साजेशी कामाची पद्धत. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे म्हणणे याहून साधे आणि अधिक उपयोगाचे होते. रुग्णाला विचारावे की तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तो आत्ताच का सुरू झाला असे तुम्हाला वाटते, त्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथात अशाच सोळा प्रश्नांची मुलाखत आहे. त्याआधी १९९८ मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन डॉक्टरांनी अशा अपेक्षांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘क्षमता’ या शब्दावरच बोट ठेवले. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून हातावेगळी करता येत नाही, म्हणून त्यांनी ‘सांस्कृतिक नम्रता’ हा शब्द सुचवला. हा आक्षेप रास्त होता. समाजासमाजाची वैशिष्ट्ये पाठ करून आलेला समुपदेशक समोरच्या माणसाऐवजी आपल्या टिपणवहीशीच बोलत बसतो.

मराठी मुलखात ही माहिती किती बारीक असावी लागते, ते ‘अंगात येणे’ या एका प्रकारातून दिसते. परक्याला सगळे घुमणे सारखेच दिसते. गावातला माणूस मात्र देवाचे वारे आणि भुताची बाधा यांची कधीच गल्लत करत नाही. वारे ठरलेल्या वारी, आरतीच्या किंवा ढोलाच्या वेळी येते. बाईचे केस सुटतात, लोक तिच्या पायांवर डोके ठेवतात, गाऱ्हाणे घालतात. थोड्या वेळाने वारे उतरते आणि ती उठून घरच्या कामाला लागते. बाधा वेळकाळ पाहत नाही. ती माणसाची भूक आणि झोप खाते, आणि घर तिला घालवण्यासाठी देवर्ष्याकडे धाव घेते. पहिल्या प्रकाराला आजार ठरवणे आणि दुसऱ्याला ‘आमच्याकडे असे असतेच’ म्हणून सोडून देणे या दोन्ही चुका होतात, आणि दोन्ही अज्ञानातूनच होतात.

फलटणच्या एका महानुभाव मंदिरात ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कुल्टान्स यांनी जे पाहिले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केले, ते या संदर्भात फार बोलके आहे. मनोविकार जडलेल्या माणसाला घेऊन कुटुंबे तिथे येऊन राहत. पण अंगात येई ते मुख्यतः रुग्णाची काळजी घेणाऱ्या बायकांच्या: आईच्या, बायकोच्या. मुलाचे किंवा नवऱ्याचे दुखणे आपल्यावर यावे आणि तो सुटावा, अशी त्यामागे भावना होती. सारखाच त्रास बाईला झाला तर तिच्यासाठी असे स्वतःला झोकून देणारे माणूस घरात क्वचितच निघे. महानुभावांच्या तत्त्वज्ञानात देवता या जीव आणि प्रपंच यांच्याप्रमाणेच परमेश्वराहून वेगळ्या आणि त्याच्यापुढे उण्या आहेत. त्यामुळे क्षुद्र शक्तींच्या पीडेतून सुटण्यासाठी परमेश्वराच्या दारी यावे, हे या पंथात सुसंगतच आहे.

आता या मंदिरातून एखादी आई उद्या समुपदेशकासमोर येऊन बसली असे समजावे. नुसता आजार पाहणारा तिच्या घुमण्याला घरातला दुसरा रोगी ठरवील. नुसती संस्कृती पाहणारा मातेच्या त्यागापुढे हात जोडील. दोघांच्याही हातून तिला विचारायचा प्रश्न राहून जाईल: ‘‘बाई, तुम्ही शेवटचं शांत कधी झोपलात?’’ तिचा थकवा, तिच्या वाट्याला आलेला दोष, मुलगा बरा झाला नाही तर आपलीच भक्ती कमी पडली असे वाटून तिने स्वतःला लावून घेतलेला बोल, हे सगळे त्या घुमण्यात आहे. तिची श्रद्धा खोडून काढली तर ते ऐकू येत नाही, आणि तिची पूजा केली तरीही नाही.

इथेच एक चुकीची समजूत दूर करणे गरजेचे आहे. संस्कृतीचा आदर करायचा म्हटले की ती एकजीव आहे असे गृहीत धरले जाते, जणू गाव श्रद्धेचे आणि विवेक शहरातून आलेला पाहुणा. प्रत्यक्षात प्रत्येक परंपरेच्या पोटात तिचे स्वतःचे भांडण असते. चरकसंहितेने उपचारांचे तीन प्रकार सांगितले: मंत्र, बळी, होम, उपवास यांवर आधारलेला दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधांचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितकारक विषयांपासून आवरणारा सत्त्वावजय. म्हणजे देवाधर्माच्या उपायांना वैद्याने बाहेर काढले नाही. पण हीच संहिता निदानस्थानात उन्मादाबद्दल बोलताना ठामपणे सांगते की, जो स्वतःच्या कर्माने पीडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस त्रास देत नाहीत. दुःखाचे मूळ प्रज्ञापराधात, बुद्धीच्या चुकीत शोधावे. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून नवस, बळी, देवऋषी यांच्यावर घणाघात केला तो वऱ्हाडी बोलीत, देवाचे नाव घेत, आणि श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. तो आवाज बाहेरून आलेला नव्हता. म्हणून जाणत्या समुपदेशकाचे काम बाहेरचे सत्य आणून ठेवण्यापेक्षा, समोरच्याच्या मनात आधीपासून चाललेला वाद त्याच्या त्यालाच स्पष्ट ऐकू येईल असे करण्याचे आहे. जिच्या गळ्यात ताईत आहे तिनेच कधीतरी मनात म्हटलेले असते, ‘‘एवढं करून गुण का येत नाही?’’

हा वाद मानसशास्त्रातही रंगला. १९८० मध्ये ॲलन बर्जिन यांनी असे मांडले की मानसोपचाराने धार्मिक मूल्यांना दारातच अडवू नये. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी त्यांना निरीश्वरवादी मूल्यांच्या बाजूने उत्तर दिले. एलिस यांची पद्धत मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. पुढे एलिस यांची भूमिका मवाळ झाली. धार्मिक माणसांच्या समुपदेशनावरील २००१ च्या पुस्तकाचे ते सहलेखक होते. त्यांना उमगलेली गोष्ट महत्त्वाची आहे: माणसाला छळते ते बहुधा ‘देव आहे’ हे नसते, तर ‘देवाने माझेच वाईट केले, कारण मी वाईटच आहे’ हे असते. पहिल्या वाक्याला हात न लावता दुसरे तपासता येते.

मग प्रामाणिकपणाचे काय? मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणणे समुपदेशकाला शोभणारे नाही. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीची कथा या पेचावर प्रकाश टाकते. मेलेल्या बाळाला छातीशी धरून ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला ‘बाळ मेले आहे’ असे सुनावत नाहीत, ‘औषध देतो’ असे खोटेही बोलत नाहीत. ज्या घरात कुणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. ती दारोदार जाते आणि दरवेळी कुणाचा तरी मृत्यू ऐकते. सत्य तिला सापडते ते तिच्याच मागणीची वाट चालताना, तिच्याच पायांनी. समुपदेशकाला ‘मला स्वतःला तसे वाटत नाही’ हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. पण विचारण्याआधी ते सांगण्याची घाई बहुधा त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेपोटी असते.

‘आपला समाज’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. मन शांत राहावे म्हणून रामरक्षा किंवा गीता सुचवणारा समुपदेशक, समोरचे घर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या परंपरेतले असेल तर, त्या घराच्या बावीस प्रतिज्ञांवरच नकळत पाय देतो. अशाच घरातल्या एखाद्या मुलीला जुन्या मरीआईचे वारे येत असेल, तर तिचे दुःख दुहेरी असते. वाऱ्याची भीती तर आहेच, शिवाय बाबासाहेबांशी बेइमानी झाल्याची शरमही. तिच्यासमोर ‘तुमच्यात हे असतंच ना’ असे म्हणणे क्रूर ठरेल. गोव्यात दिश्ट काढण्याची पद्धत हिंदूंप्रमाणे ख्रिस्ती घरांतही आहे, त्यामुळे तिथे धर्माच्या नावावरून श्रद्धा ओळखायला जाणे फसते. ‘आडनाव काय’ हा साधा वाटणारा प्रश्न अनेकांना जातीची चौकशी म्हणून ऐकू येतो आणि पुढचे बोलणे तिथेच मिटते.

आदराला हद्द आहे, आणि ती शरीरापाशी व स्वातंत्र्यापाशी येते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे श्रद्धेने आणले होते, पण त्यांचा जीव घेतला तो साखळ्यांनी. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदाही हीच रेषा आखतो: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा, पूजा, प्रदक्षिणा, यात्रा यांना हात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई करतो. आणि समाजात प्रचलित असलेल्या सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कुणाचे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवू नये, असेही सांगतो. ही दुसरी तरतूद समुपदेशकाने विशेष लक्षात ठेवावी, कारण ‘संस्कृती’चे कारण पुढे करून समलिंगी मुलाला ‘सरळ’ करून द्या म्हणणारे पालकही त्याच्याच दारात येतात. तिथे पालकांचे दुःख ऐकून घ्यावे, त्यांची मागणी मात्र नाकारावी.

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मनोविकाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आणि दर्ग्याच्याच आवारात डॉक्टर बसू लागले. दुआ सोडायची अट कुणाला घातली गेली नाही. खासगी समुपदेशकाला अशी सोय नसते. त्याच्यापुढे असतो तो पदराच्या गाठीत बांधलेला अंगारा आणि पिशवीतले गोळ्यांचे पाकीट. अंगारा कुठून आणला, कुणी दिला, तो लावल्यावर किती वेळ बरे वाटते, हे त्याने झोपेच्या तासांइतक्याच गांभीर्याने विचारून लिहून घ्यावे. देवर्ष्याने गोळ्या बंद करायला सांगितल्या आहेत का, तो किती पैसे घेतो, अंगाला हात लावतो का, हेही त्याच ओघात विचारावे. असे विचारणारा भेटला की ‘बाहेरचं’ हा शब्द दाराशी थांबत नाही. पुढच्या खेपेला तो बोलण्याच्या सुरुवातीलाच येतो.