निमूट घोडा आणि निर्धास्त घोडा

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला जो घोडेबाजार भरतो, त्यात एका विक्रेत्याने आपल्या जनावराची तारीफ करताना उच्चारलेले एक वाक्य माझ्या मनातून अद्याप जात नाही. "कानाशी ताशा वाजवा, साहेब, कान हलवायचा नाही," असे तो गिऱ्हाइकाला सांगत होता, आणि त्याच्या अभिमानात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. घोडा खरोखरच स्थिर उभा होता. दात पाहून झाले, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ याची चर्चा झाली, दुडकी चाल पाहून झाली, आणि अखेरीस त्या स्थिरतेपोटी किमतीत भर पडली. मला मात्र ती स्थिरता बघवेना. ज्या प्राण्याला दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरवण्याची शक्ती निसर्गाने दिली, ज्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस बसवून नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा वगळता जवळजवळ सारा आसमंत एकाच वेळी त्याच्या नजरेखाली आणला, ज्याच्या कातडीला माशी बसल्याचे तत्क्षणी कळते, त्या प्राण्याचा अवघा देह हा हिंस्र श्वापदांच्या तडाख्यातून वाचता वाचता लक्षावधी वर्षांत घडलेला आहे. अशा देहाने कानाशी ताशा वाजत असताना कान हलवू नये, ही गोष्ट गुण म्हणून विकली जावी आणि गुण म्हणूनच विकत घेतली जावी, यात काही मूलभूत गफलत आहे असे मला वाटत राहिले, आणि ती कोणती हे शोधण्यासाठी हा लेख.

चाबकाविरुद्ध जे बोलायचे ते फार पूर्वी बोलून झाले आहे. बुसेफालस हा घोडा स्वतःच्याच सावलीला बिचकतो हे ओळखून पोरसवदा अलेक्झांडराने त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, ही कथा ज्याने ऐकली नाही असा वाचक विरळा. त्याच शतकात सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन याने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये आणि जुलमाने करून घेतलेल्या कृतीत घोड्याची समज नसते, हे दोन्ही सिद्धान्त आले आहेत. अगदी अलीकडे, २०१६ साली, इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना क्रुद्ध माणसाच्या चेहऱ्याचे नुसते छायाचित्र दाखवले तरी त्यांच्या हृदयाची गती वाढते, असे नोंदवले आहे. तेव्हा चाबूक वाईट आणि मार्दव चांगले, एवढेच सांगण्यासाठी लेखणी उचलण्याचे प्रयोजन नाही. मी स्वतः याच मताचा असून याच मताने लिहावयास बसलो आहे. प्रश्न इतकाच की त्या बाजारातल्या घोड्याला समजा कोणी कधी चाबूक मारलाच नसेल, तर माझी हरकत मिटते काय?

ती मिटत नाही, कारण घोड्याच्या शांततेचे दोन प्रकार आहेत. एक घोडा निमूट असतो, दुसरा निर्धास्त असतो. दोघेही खरारा करू देतात, दोघेही खोगीर चढवताना हलत नाहीत, दोघेही तोंडात कडियाळ घेतात. म्हणूनच बाजारात दोघांना सारखाच भाव मिळतो. परंतु निर्धास्त घोड्याच्या कानाशी ताशा वाजला तर त्याचा कान तत्काळ तिकडे वळतो, डोळा त्या दिशेचा अदमास घेतो, आणि मग, शेजारच्या माणसाच्या अंगात कसलीही धास्ती नाही हे जाणून, तो दीर्घ श्वास सोडतो, मागचा एक पाय सैल टेकवतो व पुन्हा वैरणीत तोंड घालतो. त्याने वार्ता घेतली, तिचा विचार केला आणि ती बाजूस सारली. निमूट घोड्याने वार्ता घेण्याचेच सोडून दिलेले असते. सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे धक्के दिले होते, त्यांच्यातील बहुसंख्य पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. त्या कुत्र्यांच्या पडून राहण्याला कोणी शिस्त म्हणणार नाही. घोड्याच्या उभे राहण्याला मात्र आपण ती पदवी बिनदिक्कत देतो.

हा भेद हाती घेऊन ज्यांच्याशी वाद घालावासा वाटतो, ते गृहस्थ चाबूकवाले नव्हेत. ते आहेत मॉन्टी रॉबर्ट्स, १९८९ साली विंडसर येथे एलिझाबेथ राणीसमोर प्रात्यक्षिक केल्यानंतर सौम्य अश्वशिक्षणाचे आचार्य म्हणून जगभर गाजलेले अमेरिकन शिक्षक. त्यांची पद्धत अशी: सुमारे ५० फूट व्यासाच्या गोल कुंपणात घोडा मोकळा सोडायचा, मध्यभागी उभे राहून, नजर रोखून आणि दोरीचा पदर त्याच्या दिशेने भिरकावून त्याला कुंपणालगत पळता ठेवायचा, पळता पळता त्याचा आतला कान माणसाकडे लागला, तो ओठ चाटू लागला, मान जमिनीकडे उतरली, की डोळे खाली घालून त्याच्याकडे पाठ फिरवायची, आणि मग तो घोडा आपल्या पायांनी चालत येऊन माणसाच्या खांद्याशी उभा राहतो. कळपातील वडीलधारी घोडी उन्मत्त शिंगराला कळपाबाहेर हाकलते आणि ते नमल्यावर त्याला परत घेते, तीच ही भाषा आहे, आणि माणसाजवळ येणे ही त्या घोड्याची स्वतंत्र निवड आहे, असे रॉबर्ट्स यांचे प्रतिपादन आहे.

रॉबर्ट्स यांच्यामुळे असंख्य घोड्यांच्या पाठीवरचे वळ वाचले असतील, आणि त्याबद्दल त्यांना मुजरा केलाच पाहिजे. पण ज्याला कुंपणाबाहेर जाण्याची वाट नाही, ज्याला पळणे किंवा शरण येणे हे दोनच पर्याय ठेवले आहेत आणि त्यांतील पहिला पर्याय दमवणारा आहे, त्याने दुसरा घेतला तर त्याला निवड म्हणावे काय? २०१२ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी अशाच गोल कुंपणात माणसाच्या जागी दूरनियंत्रणावर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोडा तोंड फिरवी तेव्हा मोटार चालू राही, तिच्याकडे वळे तेव्हा थांबे. आणि घोडे तिच्याकडे वळू लागले, माणसासमोर दिसतात तशाच बऱ्याचशा हालचाली मोटारीसमोर करू लागले. त्या मोटारीत वडील घोडीची भाषा नव्हती, प्रेम नव्हते, राणीला भारावून टाकणारे कौशल्यही नव्हते. घोड्याने विसावा शोधला आणि तो जिथे सापडला तिथे तो गेला. विसाव्याची ओढ खरी आहे. तिला विश्वास म्हणणे ही रॉबर्ट्स यांची स्वतःची भर आहे.

रिंगणाचा विषय निघालाच आहे तर वारीची आठवण टाळणे मराठी मनाला शक्य नाही, मग विषयांतर झाले तरी चालेल. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व आळंदीला चालत येतात. त्यांपैकी एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, कारण ते आसन माउलींचे. गोल रिंगणात स्वाराच्या घोड्यामागोमाग तो रिकाम्या खोगिराचा घोडा टाळ-मृदंगांच्या गजरात आणि लक्षावधी कंठांच्या कल्लोळात भरधाव धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोक झेपावतात. हा घोडा सर्वस्वी स्वेच्छेने धावतो असा माझा दावा नाही. एकामागे दुसऱ्याने धावणे ही कळपातल्या प्राण्याची जन्मजात प्रवृत्ती आहे. मला विचारात पाडते ती त्या वर्तुळाची घडण. रॉबर्ट्स यांच्या वर्तुळात कुंपण घोड्याला आवरते. वारीच्या वर्तुळात लक्षावधी माणसे स्वतःला आवरून घोड्यासाठी वाट मोकळी ठेवतात. घोड्याच्या आणि माणसाच्या संबंधात आवरून धरण्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न तिथे निराळ्या रीतीने सुटलेला आहे.

आता मूळ धाग्याकडे. घोडा शिकतो कसा, याविषयी जाणत्यांत मतभेद नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा जो बिनदाताचा भाग असतो, त्यावर कडियाळ बसते; तिथे हाडावर नाजूक त्वचेचा केवळ पातळ थर असतो, म्हणून लगामाचा किंचित ताणही घोड्याला स्पष्ट कळतो. परंतु ताणाने त्याला फक्त प्रश्न पडतो; उत्तर बरोबर आले हे त्याला ताण सुटल्याने समजते. ती सूट योग्य क्षणी मिळाली तर तो शिकतो. क्षणभर उशीर झाला तर त्या क्षणी त्याने मान झटकली असेल तर मान झटकणे शिकतो. टॉम डॉरन्स आणि रे हंट या अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांनी विसाव्या शतकात जे शिकवले त्याचा गाभा हाच, की घोड्याने केलेला लहानात लहान प्रयत्न ओळखून तत्क्षणी सूट द्यावी.

आणि येथे मला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, जी माझ्या मार्दववादी मताला सोयीची नाही. आज गूळ खाऊ घालणारा, उद्या स्वतःच्या चिंतेत लगामाला हिसका देणारा, परवा गळ्यात पडून लाड करणारा मालक घोड्याला अधिक असह्य होतो. पागेतला एखादा कडक चाबुकस्वार, ज्याचा हात जड असला तरी नेमका आहे, जो आज ज्या कृतीला सूट देतो तिला उद्याही देतो, त्याच्याजवळ घोडा अधिक निर्धास्त राहतो. घोड्याच्या दृष्टीने स्नेहाच्या आधी नेमस्तपणा येतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील लष्कराला लिहिलेले पत्र रयतेला तोशीस न देण्याच्या ताकिदीसाठी सर्वांना ठाऊक आहे. त्याच पत्रात घोड्यांचा जो विचार आहे त्याच्याकडे मला लक्ष वेधावेसे वाटते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानीने उडवलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्या ताकिदीचा आशय आहे. तिथे घोड्यांवरील प्रेमाची भाषा नाही. हिशेब आहे, तरतूद आहे, आणि दोष कोणाच्या माथी लागेल याचा आगाऊ निवाडा आहे. दाणा वेळेवर येईल हा भरवसा घोड्याला नित्य येतो, त्यानंतरच बाकीच्या भरवशाला जागा होते.

मग नेमस्तपणा म्हणजेच विश्वासाचा पाया आणि कळस, असे म्हणून थांबावे काय? मी तसे म्हणण्याच्या बेतात होतो, पण सिडनीची ती मोटार आडवी येते. तिच्याइतके नेमस्त कोण असणार? तिला राग नाही, लहर नाही, विसर नाही. ती चुकीच्या क्षणी कधी दाब देत नाही आणि योग्य क्षणी सूट द्यायला विसरत नाही. तरीही त्या मोटारीवर घोड्याचा विश्वास बसला असे म्हणताना जीभ अडखळते. तिच्यात उणीव आहे ती एकच: घोड्याने काहीही सांगितले तरी मोटारीला काय हवे आहे ते बदलत नाही. रॉबर्ट्स यांच्या वर्तुळातील माणसालाही काय हवे ते आत शिरण्यापूर्वीच ठरलेले असते. घोड्याच्या कानाचे, ओठांचे, मानेचे तो जे वाचन करतो, ते घोडा नमला की नाही हे समजण्यापुरतेच असते.

याउलट नॉर्वेतील एका प्रयोगाचा वृत्तान्त वाचताना मला फार समाधान वाटले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २३ घोड्यांना तीन फळ्यांचा अर्थ शिकवण्यात आला: आडव्या पट्टीची फळी म्हणजे अंगावर झूल घाला, उभ्या पट्टीची म्हणजे झूल काढा, कोरी म्हणजे आहे तसे असू द्या. घोड्याने नाकाने ज्या फळीला स्पर्श करावा त्याप्रमाणे माणसाने वागायचे. दोन आठवड्यांत सर्व घोडे ही खूण शिकले, आणि थंडी-पावसात झूल मागू लागले, ऊब असली की ती काढा म्हणू लागले. येथे घोडा बोलला आणि माणसाचा हात त्याप्रमाणे हलला.

या प्रयोगाच्या शेजारी बर्लिनचा हान्स हा घोडा ठेवून पाहावा. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या शिक्षकाने त्याला अंकगणित शिकवले, खूर आपटून तो उत्तरे देई, १९०४ साली नेमलेल्या समितीला त्यात लबाडी आढळली नाही. पण १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवून दिले की विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर हान्सला उत्तर येत नाही. बरोबर संख्या आली की विचारणाऱ्याचे मस्तक नकळत किंचित वर होई, आणि तेवढ्यावर हान्स थांबे. या प्रकरणाचा निष्कर्ष घोड्याला गणित येत नाही असा काढला जातो. मला त्यातून दिसते ते असे की, एक घोडा वर्षानुवर्षे माणसाच्या मस्तकाची केसभर हालचाल वाचत राहिला, आणि त्या एवढ्या काळात त्याला काय सांगायचे आहे हे कोणी विचारले नाही. संवाद साधण्याची पात्रता घोड्यात काठोकाठ आहे. तुटवडा दुसऱ्या बाजूला आहे.

तेव्हा निमूट आणि निर्धास्त यांतील भेद कशाने पडतो, याचे उत्तर आता मला देता येते. ज्या घोड्याच्या 'नको'मुळे माणसाचे वागणे पूर्वी कधी बदलले आहे, तोच निर्धास्त होऊ शकतो. ज्याचा 'नको' चाबकाने, दोरीने किंवा गुळाने नेहमीच बुजवला गेला, तो निमूट होतो, साधन कितीही मृदू असो. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की जखम धुवायची असता, नाल काढायची असता, वाहत्या रस्त्यावरून जायचे असता घोड्याचे मत घेत बसता येत नाही. नाहीच येत. पण रुग्णाला धरून औषध पाजावे लागते म्हणून त्याला एरवी काही विचारूच नये असे ठरत नाही. उलट जेथे विचारणे अशक्य आहे तेथे आपण घोड्याकडून उसने घेत असतो, आणि जेथे शक्य आहे तेथे ते फेडणे प्राप्त होते. खोगीर पाहताच कान मागे टाकणारा घोडा पाठीच्या दुखण्याविषयी, तंग फार आवळल्याविषयी किंवा दाढेच्या टोकदार कडेविषयी बोलत असण्याचा संभव मोठा असतो. सालोत्रीला बोलवावे, जीन बदलून पाहावे. आणि सारे निर्दोष ठरूनही त्याचे उत्तर तेच राहिले, तर त्याला बिनस्वाराचा राहू द्यावे.

घोड्याला प्रेमाने शिकवावे, या मताच्या बाजूने मी लिहावयास बसलो होतो, आणि पाठीवर बसण्याचा अधिकार मार्दवाने सिद्ध होत नाही या मतापाशी येऊन पोहोचलो आहे. तो अधिकार विचारून मिळवायचा असतो, आणि प्रतिकूल उत्तर मान्य करण्याची तयारी विचारण्यापूर्वीच व्हावी लागते. ज्याची ती तयारी नसेल, त्याने वेळेवर दाणा, बेताचे काम आणि हलका हात एवढे तरी द्यावे. त्यानेही जनावराचे पुष्कळ कल्याण होते. मात्र घोड्याने आपल्यावर विश्वास टाकला असे त्याने कोणाला सांगू नये.